चेहऱ्याचा पंचनामा

आमच्या गावात माणसाचा मोठा फोटो छापला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा चेहरा त्या फोटोसारखा होतो, त्यामुळे मेहबूब तांबोळ्याचं फोटो छापायचं मोठं मशीन बंद पडलं तेव्हा नवं कोणतं घ्यायचं हे त्याला एकट्याला ठरवता येत नव्हतं. त्याला नगरपंचायतीचा ठराव लागतो.

मोठा म्हणजे दोन फूट बाय तीन फूट. त्याच्या आतल्या मापाला काही होत नाही. आधार कार्डावरच्या फोटोने तसं होत असतं तर गावात कुणी दिवसाउजेडी बाहेर पडलं नसतं. फ्लेक्सनेही होत नाही. चौकात वाढदिवसाचे दहा-दहा फुटी फ्लेक्स लागतात, पण फ्लेक्स हा फोटो धरायचा नाही असं नगरपंचायतीने फार पूर्वी ठरवून घेतलंय, आणि ते फार बरं केलं.

बाकीच्या गोष्टी लोकांना अनुभवाने कळल्या. किराणावाले रेवाप्पा शेटे यांनी एकदा हट्टाने चकचकीत कागदावर फोटो छापून घेतला, तर त्यांना वर्षभर दुकानाच्या दाराशी बसता येईना. ऊन तोंडावर पडलं की समोरच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर तिरीप यायची. रिटायर झालेल्या एका गुरुजींनी बाहेरगावी जाऊन कापडावर छापून घेतला. त्यांची दाढी अजून सुताच्या विणीत अडकते. तेव्हापासून सगळे बिनचकाकीचा कागदच घेतात. फोटो भिंतीवर हळूहळू विटतो, तसा माणूस म्हातारा होतो. उन्हाच्या भिंतीला लावला तर लवकर होतो. सून कशी आहे हे आमच्याकडे सासूचा फोटो कुठल्या भिंतीला आहे त्यावरून ओळखतात.

नवा फोटो छापला की पहिला महिनाभर चेहरा घट्ट असतो. ओठ बोलण्याखाण्यापुरते सुटे राहतात, बाकी सगळं छापलंय तसंच. मग शाई मुरते आणि चेहरा हलायला लागतो. त्यामुळे फोटोला बसताना माणूस फार सांभाळून बसतो.

माझ्या थोरल्या जाऊबाई गजराअक्का. वय शहात्तर. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला चीर पडली आणि आमच्या भिंतीला ओल आली, ती नेमकी अक्कांच्या फोटोमागे. आठ दिवसांत अक्कांच्या डाव्या गालावर तपकिरी डाग उठला, कपबशीएवढा. डॉक्टरांनी भिंत बघितली आणि फोटो बदला म्हणाले. मंगळवारी मी अक्कांना मेहबूबच्या स्टुडिओत घेऊन गेले. त्याने फोटो काढला, कॉम्प्युटरवर त्यातला गालाचा डाग पुसला आणि मशीन चालू केलं.

ते मशीन सोळा वर्षांचं. निम्मं गाव त्याच्यातून निघालेलं. कागद अर्धा बाहेर आला आणि मशीन आतून खोकल्यासारखं वाजलं. मग पुन्हा चालू झालं. फोटो पुरा बाहेर आला तेव्हा त्यात या कानापासून त्या कानापर्यंत, डोळ्यांच्या खालून नाकावरून, बोटभर पांढरी पट्टी होती.

"हेड गेलं," मेहबूब म्हणाला. शाई जिथून सुटते त्याला हेड म्हणतात.

"मग हा फोटो लावू नकोस भिंतीवर," मी म्हटलं.

"लावायचा प्रश्न नाही, धाकट्या काकी. छापला गेला." तो कागदाकडे बघत राहिला. मशीन पुन्हा चालू करायला त्याने कितीतरी वेळा बटण दाबलं, पण ते चालू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का उठल्या त्या पट्टी घेऊनच. ती जखम नव्हती, दुखत नव्हती. तिथे नुसता कागद होता. चष्मा नाकावर ठरेना. मिसरीचा वास येईना. एवढं अक्कांनी सोसलं असतं. पण आमच्या घरात आर्वी आहे, अक्कांच्या नातवाची मुलगी, अडीच वर्षांची. दुपारी ती फक्त अक्कांच्या मांडीवर झोपते, दुसरीकडे टाकली तर उठून बसते. त्या दुपारी ती अक्कांजवळ गेली, पट्टीवर बोट ठेवलं, बोट नीट बघितलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "जीजी कुठंय?"

अक्कांना ती जीजी म्हणते. मला हौजी म्हणते, माझं नाव हौसा म्हणून.

"ती काय समोर बसलीय," मी म्हटलं.

"ती नाही. आपली."

त्यानंतर ती अक्कांकडे गेलीच नाही. अक्का पदर ओढून खिडकीशी बसायच्या. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "पोरगी येईना माझ्याकडं." एवढंच. पण अक्का माझ्याशी मीठ जास्त झालं की कमी झालं याखेरीज काही बोलत नाहीत, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं.

नगरपंचायतीची बैठक स्टुडिओतच भरली. कारकून भिंगारदिवे वही घेऊन आले. त्यांनी नियम वाचून दाखवला. तीन कोटेशन मागवायची. तिन्ही मशीनं प्रात्यक्षिकाला आणायची. तिन्हीवर एकाच माणसाचा, एकच फोटो, एकाच कागदावर छापायचा. माणसाने प्रत्येक चेहरा तीन दिवस वापरायचा. तिसऱ्या दिवशी पंचनामा.

"माणूस कोण?" भिंगारदिवेंनी विचारलं.

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. चांगला चेहरा असलेला माणूस तो प्रात्यक्षिकाला कशाला देईल.

"मी हायच की," पदरातून अक्का म्हणाल्या. "माझं आणखी काय बिघडायचंय?"

"ठीक. आता मूळ चेहऱ्याचा पुरावा." भिंगारदिवेंनी टोपण उघडलं. "फोटो चालणार नाही. चेहराच फोटोवरून झालेला, तर फोटोवरून चेहरा तपासता येत नाही. घरातलं कुणी जाणतं माणूस हवं, ज्याच्या नीट लक्षात आहे."

मेहबूबने माझ्याकडे बोट केलं. एकोणिसाव्या वर्षी मी या घरात आले, आता सत्तर आहे. एक्कावन्न वर्षं एका चुलीवर. भिंगारदिवेंनी मला खुर्ची दिली.

"सांगा, काकी. सावकाश."

मी सांगितलं. कपाळ दोन बोटं. डाव्या भुवईत लहानपणच्या देवीचा एक वण. नाक सरळ, शेंड्याशी जरा बसकं. भुवया एकमेकींजवळ ओढलेल्या. ओठ घट्ट मिटलेले, उजवा कोपरा खाली. डोळे बारीक करून बघतात, समोरच्याने काहीतरी सांडलंय अशा.

"नजर कशी लिहू?"

"सांडल्यासारखी लिहा."

भिंगारदिवेंनी लिहिलं. पदराच्या आतून आवाज आला, "हे माझं तोंड हाय?"

"मग कुणाचं?" मी म्हटलं.

"लिहा लिहा. तिला लई माहिती."

मी खाली अंगठा उठवला.

पहिलं मशीन पुण्याहून आलं. एवढं रुंद की दाराची एक फळी काढावी लागली. बारा रंगांची शाई. बरोबर निनाद नावाचा एजंट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. त्याचं मशीन फोटो आत घेतानाच दुरुस्त करायचं. अक्का बाहेर आल्या त्या गोऱ्यापान, सुरकुती एक नाही, वणसुद्धा गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आरशापुढून हलेनात. मी चहा नेऊन ठेवला तो निवला. बायका बघायला आल्या, दोघींनी तिथल्या तिथे मेहबूबकडे नंबर लावला. भाजीवाली अक्कांना ताई म्हणाली. अक्कांनी तिच्याकडून नको असलेली पालकाची जुडी घेतली. दुसऱ्या दिवशी त्या तासगावला भाचीकडे निघाल्या, तर कंडक्टर म्हातारपणाचं तिकीट देईना. हात बघ म्हणाल्या, तर तो म्हणाला, हात कुणाचेही असतात, बाई. अक्का उतरून घरी आल्या.

आर्वी माझ्या लुगड्यात तोंड घालून उभी होती. तिने एक डोळा बाहेर काढला.

"ही कुणाची मम्मी?"

तिसऱ्या दिवशी पंचनाम्यात मी सांगितलं, ह्या अक्का नव्हेत.

"पण आजी, क्वालिटी बघा ना," निनाद म्हणाला.

"क्वालिटी चांगलीच आहे. माणूस दुसरं आहे."

अंगठा उठवला. फळी परत काढून मशीन बाहेर नेलं.

दुसरं मशीन कोल्हापूरचे चौगुले घेऊन आले. वयस्क माणूस, हसत नव्हते, बोलणं तोलूनमापून. छापलेल्या फोटोवर त्यांनी एक डबीसारखं यंत्र ठेवून गाल, कपाळ, हनुवटी सगळीकडचा रंग मोजला आणि आकडे भिंगारदिवेंना सांगितले. केसागणिक केस आला होता. भुवईतला वण आला होता.

"आणि शाई," चौगुले म्हणाले, "दोनशे वर्षं. विटणार नाही, मुरणार नाही. कागदाच्या वर बसून राहते. आज आहे तसं दोनशे वर्षांनी."

रेवाप्पा शेटे नगरपंचायतीचे सभासद आहेत. त्यांनी विचारलं, "मग म्हातारपण?"

"येणार नाही."

"चेहऱ्याला नाही. गुडघ्याला?"

"गुडघा आमच्याकडे येत नाही," चौगुले म्हणाले.

भिंगारदिवेंनी पेन खाली ठेवलं. "माणूस मयत झाल्यावर चेहरा ताजाच राहिला, तर मी दाखला कशाच्या आधारावर देऊ?"

"नाडी बघून द्यावा."

भिंगारदिवेंनी तशी नोंद घेतली.

पंचनाम्याच्या दिवशी अक्का स्टुडिओत मधोमध स्टुलावर बसल्या, पदर मागे सारून. मी भोवती एक फेरी मारली. भुवया, ओठाचा कोपरा, डोळे, सगळं जिथल्या तिथे. मी म्हटलं, "ह्याच. तंतोतंत. एक्कावन्न वर्षं हेच बघतेय." आणि अंगठा उठवला.

"कसं काय, काकी?" रेवाप्पा म्हणाले. "ह्या अशा कुठं दिसतात?"

"अशाच दिसतात."

"अहो, चाळीस वर्षं माझ्या दुकानात गूळ घ्यायला येतात. खडा तोंडात टाकतात आणि मागच्या खेपेचा बरा होता म्हणून हसतात. दर खेपेला."

"अक्का? हसतात?"

आर्वीची आई प्राजक्ता मुलीला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "खरंच, आजी. घरातसुद्धा त्या अशा नसतात."

आर्वीने अक्कांकडे बघितलं आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकलं. "जीजी रागावली."

"मी कुठं रागावलेय, बाळ?" अक्का म्हणाल्या. आवाज मऊ होता. पण चेहरा घट्ट होता आणि आर्वी चेहऱ्याकडे बघत होती. ती रडायला लागली तेव्हा प्राजक्ता तिला बाहेर घेऊन गेली.

मेहबूबने कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. बराच वेळ बघून म्हणाला, "चौगुल्यांच्या मशीनची चूक नाही. फोटोतच असं आहे. पहिल्या मशीनने ते पुसून काढलं, म्हणून दिसलं नाही." मग त्याने खुर्ची फिरवली. "मी हा काढला तेव्हा माझ्या मागे कोण उभं होतं?"

मी उभी होते. स्टुडिओत चपला चालत नाहीत आणि अक्का नव्या चपला बाहेर ठेवत नाहीत, म्हणून त्या हातात धरून मी मेहबूबच्या मागे, बरोबर अक्कांच्या समोर उभी होते.

भिंगारदिवेंनी लिहिलं ते मोठ्याने वाचलं, कारण लिहिलेलं वाचून दाखवावं लागतं: "फोटो काढतेवेळी समोर धाकट्या जाऊबाई हजर होत्या."

"ही लगीन होऊन घरात आली त्या वर्षी हिनं माझ्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला," अक्का सगळ्यांना म्हणाल्या. "सगळी बरणी बुरसली. बारा किलो कैरी."

तो चमचा सासूबाईंनी घातला होता. पण सासूबाई तेव्हा समोरच होत्या, पुढे भिंतीवर फोटोत होत्या, त्यांच्यासमोर कुठे बोलायचं. मी तेव्हाही बोलले नाही आणि स्टुडिओतही नाही. मला दुसरंच सुचत होतं. मी भिंगारदिवेंना सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. फक्त ते तोंड गावात एकट्या मलाच मिळत होतं.

"चला, सोपं झालं," भिंगारदिवे म्हणाले. "साक्षीदाराने तंतोतंत म्हटलंय. अंगठा आहे. तिसरं प्रात्यक्षिक नियमापुरतं करू, पण दुसरं मशीन पात्र ठरलं. आणि ते चांगलंही आहे."

"मग माझी मोठी काकी अशीच राहणार," मेहबूब म्हणाला. "ही शाई मुरत नाही. महिन्याने सुटणार नाही. दुसरा फोटो काढतो ना मी, चांगला."

"फोटो बदलता येत नाही. एकच फोटो, असा नियम आहे. ठराव झाला की त्याच मशीनवर त्याच फोटोची कायम प्रत. मग दहा वर्षं बदल नाही."

सगळे अक्कांकडे बघायला लागले. अक्कांनी पदर पुढे ओढला.

"करा पास," त्या म्हणाल्या. "मशीन चांगलं हाय. गावाचं काम का थांबवताय माझ्यापायी? पोरगी न्हाई आली तर न्हाई आली. हौशीकडं झोपतीय की."

त्या दिवसांत आर्वी दुपारी माझ्या मांडीवर झोपायची हे खरं आहे. मला ते आवडायचंही. पहिले दोन दिवस तर मी मुद्दाम तिला घेऊन अक्कांच्या खिडकीसमोर बसले होते. आता सांगायला बसल्यावर ते का लपवू.

मी उठून भिंगारदिवेंच्या टेबलाशी गेले. "माझा अंगठा परत द्या."

"दिलेला अंगठा परत देता येत नाही, काकी."

"मग काय करता येतं?"

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. "साक्षीदार नालायक ठरला तर पंचनामे रद्द होतात. सगळेच. मग प्रात्यक्षिकं नव्याने, फोटोही नवा. पण तुम्हाला नालायक कसं ठरवू? एक्कावन्न वर्षं एका घरात राहिलेल्या आहात."

"मला त्यांचा चेहरा माहीत नाही असं लिहा."

"आं?"

"लिहा. धाकट्या जावेला थोरल्या जावेचा चेहरा माहीत नाही."

भिंगारदिवेंनी चष्मा काढला. "काकी, हे कायमचं रेकॉर्ड होतं. उद्या घराची वाटणी निघाली, दाखला निघाला, कुठेही हे पुढे येईल. एका चुलीवर जेवता आणि चेहरा माहीत नाही?"

"नाही."

"विचार करून सांगताय?"

"लिहा म्हटलं ना, दादा."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं. शाई आधीच बोटाला होती, मी तिथेच दाबला. चौगुल्यांनी रंग मोजायची डबी पेटीत ठेवली आणि मला नमस्कार केला. नव्याने यायला त्यांना वेळ नव्हता. निनादने फोन उचलला नाही. घरी आल्यावर अक्का दारात म्हणाल्या, "लोकात हसं केलंस." मी चपला काढल्या आणि आत गेले.

राहिलं तिसरं मशीन. जतला एक स्टुडिओ बंद झाला होता, तिथलं वापरलेलं. टेम्पोतून गोणपाटात गुंडाळून आलं. सहाच रंग. कागद दोन फुटांचाच बसायचा, त्याहून रुंद नाही. मेहबूबने दोन दिवस कोमट पाणी आणि मऊ फडकं घेऊन त्याचं हेड साफ केलं. चाचणीला त्याने झाडाचा फोटो छापला, तर पानंसुद्धा थोडी तांबूस आली.

"लाल मारतंय," मेहबूब म्हणाला. "आणि शाई पंधरा वर्षांत विटेल. मुरायला महिना घेईल. पण रेघ येत नाही."

"पंधरा वर्षं पुष्कळ झाली," अक्का म्हणाल्या.

नवा फोटो काढायचा त्या दिवशी मेहबूबने चौगुल्यांची रद्द झालेली प्रत ओल्या फडक्याने पुसली, आणि कागदात न मुरलेली शाई निघाली तसा अक्कांचा चेहरा फोटोपुरता सुटला. मग त्याने कॅमेऱ्यामागे आर्वीला उभं करायचं ठरवलं, म्हणजे अक्का तिच्याकडे बघतील. आर्वी एकटी उभी राहीना. प्राजक्ता कामावर होती. तिला धरायचं तर मीच, आणि मी समोर असले की अक्कांचं तोंड कसं होतं हे आता रेकॉर्डवर होतं.

मेहबूबने मागे एक टेबल आणून ठेवलं, त्यावर काळं कापड जमिनीपर्यंत सोडलं. मी टेबलाच्या मागे खाली मांडी घातली आणि आर्वीला दोन्ही हातांनी वर टेबलावर उभी धरली. मला फक्त तिच्या पोटऱ्या आणि कापडाच्या फटीतून मेहबूबचे मोजे दिसत होते. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

"मोठ्या काकी, इकडे बघा. आर्वीकडे."

वरून आर्वी म्हणाली, "हौजी खाली बसलीय."

स्टुल करकरलं. "हौसे, तू हायस तिथं?"

"नाही," मी म्हटलं.

"पोरगी पाडशील."

"नाही पाडत."

"हात भरून आले असतील तुझे."

"नाही आले." दंडात कळ मारत होती. "अक्का, तुम्ही तिच्याकडं बघा."

आर्वीने पाय हलवायचे थांबवले. मेहबूबने श्वास धरला, आणि बटणाचा आवाज आला. वर काय झालं ते मला टेबलामागून दिसलं नाही. मी मेहबूबला विचारलं, आला का बरा? तो म्हणाला, उद्या बघाच तुम्ही.

छापून वाळायला एक रात्र गेली. सकाळी आर्वी उठली ती अंथरुणातून उतरून थेट अक्कांच्या खोलीत गेली. मी मागून गेले. तिने काही विचारलं नाही, बोट लावून बघितलं नाही. मांडीवर चढली, अक्कांच्या पदराचं टोक तोंडात घातलं आणि सकाळी सात वाजता झोपली. अक्का मान खाली घालून तिच्याकडे बघत होत्या, त्यामुळे मला नीट दिसलं नाही. तांबूस दिसत होत्या, चुलीपुढून उठून आल्यासारख्या.

पंचनाम्याला भिंगारदिवे घरीच आले, कारण पोरीला तीन दिवस मांडीवरून उतरवताच येईना.

"मूळ चेहरा हाच का?" त्यांनी मला विचारलं, आणि मग आठवून म्हणाले, "तुम्हाला विचारता येत नाही."

"आर्वीला विचारा."

"ती अज्ञान आहे." त्यांनी थोडा विचार केला. "पण वस्तुस्थिती नोंदवता येते." त्यांनी लिहिलं: "मुलगी मांडीवर झोपली." खाली वेळ घातली.

त्याच आठवड्यात तिसऱ्या मशीनचा ठराव पास झाला. नियम होता तीन कोटेशनांचा, आणि पहिल्या दोघांची रद्द झाल्यावर तिसरंच सगळ्यांत वरचं आणि सगळ्यांत खालचं ठरलं. रेवाप्पांनी लाल रंगाबद्दल हरकत घेतली, पण सगळंच गाव तांबूस झालं तर कुणाला कळणार, असं भिंगारदिवे म्हणाले, आणि तसंच झालं. आता मेहबूबकडे रांग असते. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, तुमच्याकडची माणसं निरोगी दिसतात.

ठरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या करत होते. अक्का आर्वीला निजवून स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या.

"हौसे, करपली बघ. एक्कावन्न वर्षं झाली, अजून आच कळत न्हाई तुला. लक्ष कुठं असतं?"

शब्द नेहमीचेच होते, आवाजही नेहमीचा. मी करपलेली उचलून बाजूला ठेवली, दुसरी तव्यावर टाकली आणि उत्तर द्यायला वळले. आर्वीकडे बघताना जो चेहरा छापला होता, तोच माझ्याकडे बघत होता. तो सुटायला अजून पंचवीस-सव्वीस दिवस होते.

"अशी काय बघतीस?" अक्का म्हणाल्या. "तवा बघ."

मी बघत राहिले. दुसरीही करपली.